माल्टा : चार दिवसांत काय पाहावे?

प्रश्न : आई-वडिलांना घेऊन ऑक्टोबरमध्ये चार दिवस माल्टाला जाणार आहोत. ऐतिहासिक स्थळांचा क्रम कसा लावावा?

उत्तर : विमानाच्या तिकिटापाठोपाठ हाल साफ्लिएनीच्या भुयारी दफनस्थळाचे तिकीट काढा. खडकात कोरलेल्या या तीन मजल्यांत दिवसाला जेमतेम 80 जणांनाच प्रवेश मिळतो, कारण श्वासातली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड छतावरच्या तांबड्या गेरूच्या नक्षीला घातक ठरतात. आत फोटो काढता येत नाहीत. जिने आहेत, त्यामुळे आईंचे गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या.

हाजार ईम आणि मनाइद्रा ही पाच हजार वर्षांहून जुनी मंदिरे सकाळीच पाहा. दोन्हींमधली वाट उताराची असून परतताना चढ लागतो. एक दिवस गोझो बेटावरच्या जगांतिया मंदिरांसाठी ठेवा.

व्हॅलेटातील सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोचे संत योहानाच्या शिरच्छेदाचे 1608 मधले भव्य चित्र आहे. योहानाच्या रक्ताच्या ओघळातच चित्रकाराने सही केली आहे, ती जवळून नक्की पाहा. तिथल्या संगमरवरी थडग्यांची फरशी जपण्यासाठी टोकदार टाचांची पादत्राणे चालत नाहीत.

माल्टासाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज लवकर करा.