टार्टर सॉस फुटतो, काय करू?

प्रश्न : तळलेल्या सुरमईबरोबर द्यायला घरीच टार्टर सॉस करते, पण दर वेळी मिश्रण फुटतं आणि तेल वर तरंगतं. कुठे चुकतं?

उत्तर : बहुधा तेल घाईने पडतंय. टार्टरचा पाया म्हणजे मेयोनेज. त्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब लिंबाच्या रसात आणि बलकातल्या पाण्यात विखुरलेले असतात, आणि बलकातलं लेसिथिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. सुरुवातीलाच धार ओतली, तर थेंब बारीक व्हायला वेळच मिळत नाही.

अंडं तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. एक बलक, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट, चमचाभर लिंबाचा रस आणि मीठ फेटून घ्या. मग १५० मिली रिफाइंड सूर्यफूल तेलातले पहिले दोन-तीन चमचे अक्षरशः थेंबाथेंबाने घाला. फेटताना उमटलेली रेघ मोडेनाशी झाली, की बारीक धार चालेल. घाण्याचं शेंगदाणा तेल मात्र नको, माशाची चवच झाकली जाते.

फुटलेला सॉस कृपया टाकू नका! दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेऊन त्यात तो चमचा-चमचा घालत फेटा, छान जुळून येतो.

शेवटी गर्किन, केपर, थोडा कांदा आणि पार्सली किंवा शेपू, सगळं बारीक चिरून. गर्किन घट्ट पिळा, नाहीतर सॉस पाणचट होतो.

घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वृद्ध असतील, तर कच्च्या अंड्याऐवजी घट्ट चक्का वापरा. उरलेला सॉस लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.