सुंठ कुठवर पुरते

अगं, तुझ्या सासऱ्यांना रोज वाटीभर आल्याचा रस द्यायला कुणीतरी सांगितलंय म्हणे, आतड्याची गाठ विरघळते म्हणून. आधी माझं ऐक. तुझ्या काकांना शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा आम्ही घरातल्या घरात मूळव्याध ठरवून मोकळे झालो. चार महिने आलं, लिंबू, मध. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! हिमोग्लोबिन उतरत होतं, तेही वयावर ढकललं. शेवटी निघाला आतड्याचा कॅन्सर. ते चार महिने मला अजून बोचतात.

आल्यावर अभ्यास झालाय, नाही असं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचा एक अभ्यास 2011 साली छापून आला. 30 धडधाकट माणसं घेतली. काहींना 28 दिवस रोज 2 ग्रॅम आल्याचा अर्क, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. अर्क घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात दाहाशी संबंधित काही रसायनं थोडी उतरलेली दिसली. बस, एवढंच. त्यात कॅन्सरचा रुग्ण एकही नव्हता. त्यावरून गाठ जिरते म्हणायचं म्हणजे बाजारात तुरी.

आलं उपयोगी पडतं ते केमोच्या मळमळीत. 576 रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत अर्धा ते एक ग्रॅम आल्याने पहिल्या दिवसाची मळमळ सगळ्यात कमी झाली. आणि उलटीच्या नेहमीच्या गोळ्या सोबत चालूच होत्या बरं, त्या बंद करायच्या नाहीत. चहाचा अर्धा चमचा सपाट सुंठपूड म्हणजे साधारण एक ग्रॅम. वाटीभर रस कशाला? पोटात आग पडेल नुसती.

ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं केमोचं औषध शिरेतून दिलं, तर पुढचे काही दिवस गार पाणी घशाला टोचतं, फ्रिजमधल्या बाटलीला हात लावला तरी बोटांत मुंग्या येतात. तेव्हा कोमट पाण्यात आल्याचा एक पातळ काप टाकून घोट घोट दे. तोंड आलं असेल किंवा जुलाब चालू असतील, तर मात्र आलं त्या दिवशी ओट्यावरच राहू दे. त्यापेक्षा मऊ भात नि ताक बरं. काकांना मी तोंड आलेलं असताना हट्टाने काढा पाजला होता. बिचारे काही बोलले नाहीत, नुसते डोळ्यांतून पाणी काढत बसले.

चहातल्या आल्याचं काही नाही गं. पण अर्काच्या कॅप्सूल किंवा रोजचा काढा असेल तर डॉक्टरांना सांगायचं, ऑपरेशनच्या आधी तर नक्कीच. सासरे रक्त पातळ करायची गोळी घेतात ना? मग विचारल्याशिवाय काहीच नको.

आता जावईबापूंचं. वडिलांना आतड्याचा कॅन्सर निघाला म्हणजे मुलाने चाळिशीतच कोलोनोस्कोपी करून घ्यायची. वडिलांचं निदान पन्नाशीच्या आत झालेलं असेल तर त्याहून आधी, त्यांच्या निदानाच्या वयातून दहा वर्षं वजा करून. आतड्यात आधी लहानसा कोंब येतो, त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा कित्येक वर्षं लागतात. दुर्बिणीतून तो दिसला की तिथल्या तिथे काढून टाकतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, तेवढाच काय तो ताप. जावईबापू बेचाळीस वर्षांचे, आणि अजून 'बघू' म्हणतायत.

आलेपाक थापून ठेवलाय. रविवारी त्यांनाच पाठव न्यायला. तपासणीची तारीख सांगितल्याशिवाय डबा हातात देणार नाही, असं सांगून ठेव.