घरातील आगगाडी

नाशिक जिल्ह्यातील सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण आरम नदीच्या काठी वसले आहे. सभोवार कांदा, द्राक्षे व डाळिंबे यांची शेती आहे, आणि तालुक्याच्या पश्चिम भागात साल्हेर, मुल्हेर यांसारख्या किल्ल्यांचे डोंगर उभे आहेत. मात्र या गावातून रेल्वे जात नाही. आगगाडी पाहावयाची तर देवळा, चांदवड ही गावे ओलांडून मनमाड जंक्शन गाठावे लागते. तेथे मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर या दिशांच्या गाड्या एकत्र येतात. मनमाडच्या मुलाला गाडीच्या शिटीचे काही वाटत नाही. सटाण्याच्या मुलाला मात्र आगगाडी हे प्रवासात क्वचित भेटणारे नवल असते.

परंतु जी गाडी गावात येत नाही, ती घरात आणता येते. खऱ्या रेल्वेचा हुबेहूब, पण लहान नमुना करण्याचा छंद जगातील अनेक देशांत जोपासला जातो. महाराष्ट्रात त्याचे एक उत्तम उदाहरण पुण्यास कोथरूड भागात आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या छंदातून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय तेथे १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. त्यातील छोट्या गाड्या एका छोट्या शहरातून धावतात. त्या शहरात सिग्नल आहेत, दिव्यांचे खांब आहेत, उड्डाणपूल आहेत आणि सर्कशीचा तंबूही आहे. एवढा पसारा प्रत्येकाच्या घरी मांडता येणार नाही हे खरे. परंतु एका फळीवर मावेल एवढी रेल्वे कोणत्याही घरात उभी राहू शकते.

खेळण्यातील गाडी आणि गाडीचा नमुना यांत एक महत्त्वाचा भेद आहे. खेळण्यात चाके डब्याएवढी मोठी असली किंवा माणूस दारापेक्षा उंच असला, तरी कोणी हरकत घेत नाही. नमुन्यात मात्र प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात लहान झाली पाहिजे. या छंदात जगभर अतिशय रूढ असलेले प्रमाण १ : ८७ हे आहे. याचा अर्थ असा, की खऱ्या वस्तूची लांबी ८७ सेंटिमीटर असेल, तर नमुन्यातील वस्तूची लांबी १ सेंटिमीटर असावयाची. भारतीय रेल्वेचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो; नमुन्यात तो साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. १७४ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य बरोबर २ सेंटिमीटरांचा होतो. एक किलोमीटरचा मार्ग साडेअकरा मीटरांत संपतो.

रुळांच्या बाबतीत मात्र एक अडचण येते. भारतातील रुंदमापी रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले, म्हणजे १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक उत्तर येते. परंतु बाजारात मिळणारे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते युरोपातील १,४३५ मिलिमीटरांच्या मार्गावरून बेतलेले आहेत. म्हणून तयार रुळांवर भारतीय गाडी चालविणाऱ्याला जवळजवळ ३ मिलिमीटरांची तडजोड पत्करावी लागते. तडजोड करणे हा दोष नव्हे. परंतु ती कोठे व किती केली, हे नमुना करणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

यापेक्षा मोठी तडजोड जागेची असते. प्लायवुडची एक पूर्ण फळी सुमारे २४४ सेंटिमीटर लांब व १२२ सेंटिमीटर रुंद असते. तिच्या दोन्ही टोकांना ४५ सेंटिमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळाकार वळणे घेतली आणि कडेला थोडी जागा सोडली, तर रुळांची लांबट फेरी साधारण साडेपाच मीटरांची होते. आता २४ डब्यांची एक गाडी या फेरीवर ठेवण्याचा विचार करावा. साडेचोवीस सेंटिमीटरांचा एक, असे २४ डबे जोडले तर त्यांची लांबी ५ मीटर ८८ सेंटिमीटर भरते. म्हणजे इंजिन लावण्यापूर्वीच गाडीचे तोंड तिच्या शेपटीला भिडेल! वळणाचेही तसेच आहे. खऱ्या रुंदमापी मार्गावरील अतिशय तीव्र वळणाची त्रिज्यादेखील १७५ मीटर, म्हणजे नमुन्यात २ मीटर असते. ती या फळीवर मावूच शकत नाही. म्हणून चतुर कारागीर लांब गाडीचा हट्ट सोडतो. तीन-चार डब्यांची साधी गाडी, आडमार्गावरचे एखादे लहान स्थानक आणि एक मालधक्का एवढेच तो निवडतो. थोडेच घ्यावे आणि ते नीट करावे, ही या छंदाची पहिली शिकवण होय.

फळीवर घाट उभारू लागले, की खऱ्या रेल्वेच्या इतिहासाची गाठ पडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे लोहमार्ग वाढू लागला, तेव्हा सह्याद्रीची भिंत आडवी आली. कसारा आणि इगतपुरी यांच्या दरम्यान थळ घाटात सुमारे १४ किलोमीटरांच्या अंतरात मार्गाला जवळजवळ ३०० मीटर उंची गाठावी लागते. १८६५ मध्ये हा मार्ग खुला झाला. त्यातील सर्वांत तीव्र चढ १ : ३७ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर मार्ग १ मीटर वर चढतो. डोळ्यांना हा चढ किरकोळ वाटतो, परंतु शेकडो टन वजनाच्या गाडीला तो अवघड असतो. म्हणूनच कसाऱ्यास अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते.

वस्तू लहान झाली तरी चढाचे प्रमाण बदलत नाही. फळीवरील एक रूळ दुसऱ्या रुळावरून पुलाने न्यावयाचा असेल, तर साधारण ७ सेंटिमीटर उंची हवी. १ : ३७ या चढाने तेवढी उंची गाठण्यास ७ गुणिले ३७, म्हणजे २५९ सेंटिमीटर रूळ लागतो, आणि उतरण्यास पुन्हा तेवढाच. साडेपाच मीटरांच्या फेरीतील सव्वापाच मीटर केवळ चढउतारातच खर्च होतात! उंची अधिक आणि जागा कमी, हेच कोडे त्या काळच्या अभियंत्यांसमोर होते. त्यांनी मार्ग डोंगराच्या कडेने वळवीत नेला, बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले. सटाण्याच्या घरात फळीवर वाकून हिशोब करणारे मूल त्याच कोड्याचा छोटा भाग सोडवीत असते.

रूळ बसल्यावर विजेची जोडणी येते. खरे विद्युत इंजिन वरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज घेते. नमुन्यातील तार बहुधा केवळ शोभेची असते. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. दोन्ही रूळ एकमेकांना विजेने जोडले जाणार नाहीत असे बसविलेले असतात. एका रुळातून येणारी वीज चाकांवाटे मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळावाटे परत फिरते. ही वीज बहुधा १२ व्होल्टची व एकाच दिशेने वाहणारी असते. तिची दिशा उलटविली, की गाडीही उलट्या दिशेने धावू लागते. घरातील दिव्यापंख्यांची वीज २३० व्होल्टची असून ती प्राणघातक ठरू शकते. म्हणून तिची तार रुळांना कधीही जोडू नये. तयार ट्रान्सफॉर्मर वापरावा आणि जोडणीच्या वेळी जाणत्या माणसास जवळ घ्यावे.

मोटारीचे इंजिन महाग असते. ते नसले तरी काम अडत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे डबे उत्तम होतात. गुल नसलेल्या आगकाड्या कापून स्लीपर करता येतात. खऱ्या रुंदमापी मार्गात दोन स्लीपरांमधील अंतर सुमारे ६० सेंटिमीटर असते. नमुन्यात ते ७ मिलिमीटर येते. म्हणजे एक मीटर मार्गाला सुमारे १४४ काड्या लागतात. त्या एकेक करून, समान अंतरावर, एका रेषेत चिकटविताना चित्त स्थिर ठेवावे लागते. खडीसाठी नदीची वाळू बारीक चाळणीने चाळून घ्यावी. वर्तमानपत्रांचे बोळे रचून त्यांवर खळीत भिजविलेले कागद थरावर थर चढविले, की डोंगर तयार होतो. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत होते, आणि वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झुडपे होतात.

पण डोंगराचा आकार कोणता द्यावा? येथे सटाण्याच्या मुलाला आपल्या गावाचा मोठा लाभ मिळतो. अनेक जण डोंगर म्हटला, की शंकूसारखे टोक काढतात. सह्याद्रीचे अनेक डोंगर मात्र तसे नाहीत. लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून ते बनले आहेत; म्हणून त्यांच्या अंगावर आडव्या काळ्या कड्यांच्या पायऱ्या दिसतात आणि कित्येकांचे माथे सपाट असतात. बागलाणातील साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा किल्ला महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला मानला जातो. त्याचे कडे ज्याने लक्षपूर्वक पाहिले, त्याला थळ घाटाचा डोंगर घडविण्यास चित्राची गरज नाही. रेल्वे मनमाडला असली, तरी सह्याद्री दाराशी आहे.

स्थानकासाठी मात्र मनमाडला जावे, आणि फलाटावर सुरक्षित उभे राहून सारे टिपून घ्यावे. रुळांवर उतरू नये. पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत स्थानकाचे नाव किती लिपींत लिहिले आहे, त्याखाली समुद्रसपाटीपासूनची उंची कशी दिली आहे, बाके कोठे आहेत, पाण्याचे नळ किती आहेत, छपराचे खांब किती अंतरावर आहेत, हे वहीत लिहावे. ज्याने शंभर वेळा फलाट पाहिला, त्यालाही या प्रश्नांची उत्तरे बहुधा सांगता येत नाहीत. हाताने घडविण्याची वेळ आली, म्हणजेच डोळे खऱ्या अर्थाने पाहू लागतात.

गाडी सुरू झाली, की ती भरधाव सोडण्याचा मोह होतो. येथेही हिशोब करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर जाते. नमुन्यात हे अंतर १९ सेंटिमीटर होते. म्हणजे साडेपाच मीटरांची फेरी पूर्ण करण्यास गाडीला जवळजवळ अर्धा मिनिट लागला पाहिजे. या वेगाने गाडी फिरू लागली, की ती खेळणे वाटेनाशी होते. तिला वजन आहे, ती काहीतरी वाहून नेत आहे, असे भासू लागते.

इतके झाल्यावरही एक गोष्ट उरते. रूळ, डोंगर, पूल आणि स्थानक सारे काही बिनचूक असूनही कित्येक नमुने ओसाड दिसतात, कारण त्यांत माणसे नसतात. खरी रेल्वे माणसांच्या श्रमांवर चालते. घाटांतील कडे फोडण्यास हजारो मजूर राबले, आणि अपघातांत व रोगांच्या साथींत त्यांतील कित्येकांनी प्राण गमावले. आजही ‘की-मन’ या नावाचा कामगार आपल्या वाट्याच्या मार्गावरून रोज पायी चालतो. सैल झालेल्या कळा तो हातोडीने घट्ट करतो, आणि धोका दिसल्यास लाल निशाण दाखवून गाडी थांबवितो. पावसाळ्याच्या रात्री घाटात दरड कोसळण्याचे भय असते. तेव्हा पहारेकरी हाती दिवा घेऊन भर पावसात रुळांवर गस्त घालतात. डब्यात निजलेल्या प्रवाशांना त्यांची चेहरेपट्टी कधी दिसत नाही.

म्हणून बोगद्याच्या तोंडाशी दोन सेंटिमीटरांचा एक पहारेकरी अवश्य उभा करावा. तारेच्या एका तुकड्याला कागद गुंडाळून तो सहज करता येतो. त्याच्या हातात टाचणीच्या माथ्याएवढा दिवा असावा. घरी येणारे पाहुणे प्रथम इंजिनाकडे पाहतील, मग पुलाकडे, मग डोंगराकडे. एखादा तरी शेवटी विचारील, “हा इथे कोण उभा आहे?” त्या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला देता येईल, त्याला रेल्वे खऱ्या अर्थाने समजली असे म्हणता येईल.

शब्दार्थ

हुबेहूब – अगदी तंतोतंत
पसारा – विस्तार
बेतणे – मापाप्रमाणे आखणे
त्रिज्या – वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर
मालधक्का – मालाची चढउतार करण्याची जागा
खळ – पिठाची चिकी
गस्त – राखणीसाठी घातलेली फेरी

स्वाध्याय

१. खेळण्यातील गाडी व गाडीचा नमुना यांत कोणता भेद आहे?
२. २४ डब्यांची गाडी एका फळीवरील फेरीत का मावत नाही, ते आकडे देऊन सांगा.
३. नमुना लहान झाला तरी चढाचे प्रमाण का बदलत नसावे? विचार करून लिहा.
४. सटाण्याच्या मुलाला घाटाचा डोंगर करताना कोणता लाभ मिळतो?
५. पहारेकऱ्याची आकृती नमुन्यात अवश्य असावी असे का म्हटले आहे?
६. तुमच्या शाळेच्या वर्गाची लांबी, रुंदी व दाराची उंची मोजा. १ : ८७ या प्रमाणाने त्यांची मापे काढा व पुठ्ठ्याचा वर्ग तयार करा.
७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : तडजोड, क्वचित, बिनचूक, ओसाड.