कागदाची 'म्हैसूर'

म्हैसूरजवळ बेळगोळ येथे उसाच्या चिपाडापासून कागद करणारी गिरणी होती. चिपाडाचा असो वा बांबूचा, यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातील तंतू बहुतांशी यंत्राच्या धावेच्या दिशेने पडतात. त्यामुळे तंतूंना समांतर अशी त्याची नळी सहज वळते. आडवी वळविली तर तो मोडतो. कागदी जहाज करू इच्छिणाऱ्याने हा गुण प्रथम पारखावा.

उदाहरणार्थ, १९५७ ते १९८५ या काळात भारतीय नौदलात असलेली 'म्हैसूर' ही क्रूझर घेऊ. तिची लांबी सुमारे १६९ मीटर. १:२५० या प्रमाणात प्रतिकृती ६७.६ सेंटिमीटर होईल. परंतु पाव मिलिमीटर जाडीचा कागद या प्रमाणात सव्वासहा सेंटिमीटर जाडीचा पत्रा ठरतो! चिलखताला तो शोभेल, कठड्याला नव्हे. कठडे म्हणूनच बारीक दोऱ्याचे करावेत.

पुठ्ठ्याच्या उभ्या कण्यात आडवे छेद खाचांनी बसवून सांगाडा करावा. त्यावर आधी डेक, मग बाजू. खरी कसोटी नाळीपाशी लागते. कागद ताणत नाही, आणि तेथील पृष्ठ एकाच वेळी दोन दिशांनी वळते. शिंपी पोलक्याला टक्स घालतो, त्याप्रमाणे तेथे निमुळत्या चिरा कापून कडा जुळवाव्यात. कागदातील तंतू उभे ठेवावेत, आणि चिकटविण्यापूर्वी तो पेन्सिलीवर हलकेच वळवून घ्यावा.