धर्मादाय निधी आणि चिकित्साविषयक संशोधन : असोद्याच्या एका वहीच्या निमित्ताने

असोदा येथील आमच्या एका व्यवसायबंधूंच्या दवाखान्यात संधिगतवाताच्या रुग्णांची एक जाड वही आहे. कापूस वेचणाऱ्या स्त्रियांचे दुखरे गुडघे, दिलेला गुग्गुळकल्प, अनुपान, पथ्य आणि शेवटच्या रकान्यात ‘उपशय’ हा शेरा. या वहीच्या आधारे आम्ही काही जणांनी एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे संशोधननिधीसाठी अर्ज केला. तो परत आला. आयुर्वेदाविषयी आकस असावा, असे आम्हांस प्रथम वाटले. परीक्षकांचा प्रश्न वाचल्यावर मात्र मान खाली घालावी लागली. जे रुग्ण पुन्हा आले नाहीत, ते बरे झाले म्हणून आले नाहीत, की गुण न आल्याने दुसरीकडे गेले? वहीत याचे उत्तर नव्हते.

शास्त्रोक्त कल्पांवर कोणाचेही पेटंट नाही. त्यामुळे त्यांच्या परीक्षणावर मोठा खर्च करण्यात एकट्या कारखानदारास स्वारस्य नसते. उरतात शासन आणि धर्मादाय संस्था. महाराष्ट्रास ही परंपरा जुनी आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या नावे विश्वस्त निधी स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश त्या व्याधीच्या जगभरातील संशोधनास आणि एक पंचमांश भारतातील संशोधनास, अशी वाटणी ठरली.

आपल्यासारख्या ग्रामीण चिकित्सकांना अधिक उपयोगी धडा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला. त्यास फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकन प्रतिष्ठानांचे साहाय्य होते. 39 गावांत उपचार आणि 47 गावे तुलनेसाठी, अशी रचना होती. परंतु आमच्या मते खरी गोष्ट पुढेच आहे : 1993 ते 1995 ही दोन वर्षे उपचार सुरूच झाला नव्हता, केवळ जन्म आणि मृत्यू यांची नोंद चालली होती. दर हजार जिवंत जन्मांमागे 62 नवजात मृत्यू हा आरंभीचा आकडा त्या नोंदीतून मिळाला. तो हाती नसता, तर तिसऱ्या वर्षी आलेल्या 25.5 या आकड्यास काहीच अर्थ उरला नसता. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता निव्वळ घट 62 टक्के ठरली. हा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली प्रसिद्ध झाला आणि 2011 मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहाधारित नवजात सेवा देशभर सुरू केली. मोजणीवर दोन वर्षे घालवणे आपल्यापैकी कितीजणांस मानवेल?

प्रतिष्ठानाचा व्यवहार साधारणतः असा चालतो. प्रथम दोन-तीन पानांची संकल्पना. ती पसंत पडल्यास सविस्तर प्रस्ताव. नंतर त्या विषयाच्या त्रयस्थ तज्ज्ञांकडून परीक्षण. नैतिकता समितीची संमती आणि भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत (2007 पासून उपलब्ध) पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंदणी ही कामे टाळता येत नाहीत. एप्रिल 2018 पासून ही नोंदवही मागाहून केलेली नोंद स्वीकारत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. निधी हप्त्यांनी येतो. मागील हप्त्याचा हिशेब आणि प्रगतीचा अहवाल समाधानकारक असेल तरच पुढचा. वैद्याने एकट्याने अर्ज करण्यापेक्षा एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाशी संलग्न होऊन करावा, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी एक बाब स्पष्टच लिहितो. आपल्या फार्मसीची औषधी विनामूल्य देणे ही मदत खरी. पण मग निकालावर आपला अधिकार नाही. सर्व रुग्णांना शक्यतो एकाच घाणीतील, प्रमाणित औषधी मिळावी आणि तशीच दिसणारी औषधहीन गोळीही करून द्यावी लागते. शिवाय निकाल संमिश्र येऊ शकतो. गुडघ्याच्या संधिवातावरील 440 रुग्णांच्या एका शासकीय साहाय्याच्या चाचणीत (प्रसिद्धी 2013) आयुर्वेदीय कल्प ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. परंतु काही रुग्णांत यकृताशी संबंधित एसजीपीटी वाढल्याचेही आढळले. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. दोन्ही गोष्टी एकाच अहवालात छापल्या गेल्या, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो. चरकाचार्यांनी परीक्षेचे साधन म्हणून प्रत्यक्ष आणि अनुमानाबरोबर युक्तीही सांगितली आहे. अनेक कारणांतून नेमके कोणते कार्यकारी हे ठरवणे त्यात येतेच.

असोद्याच्या वहीत आता दोन रकाने वाढले आहेत : पहिल्या दिवशी वेदनेचे शून्य ते दहा या मापाने मूल्यांकन, आणि न आलेल्या रुग्णाची दीड महिन्याने घरी जाऊन केलेली चौकशी. या चौकशीत पहिल्याच फेरीत काही घरांतून, ‘गुण नाही आला, म्हणून जळगावला दाखवले,’ असे उत्तर मिळाले. तेही लिहून ठेवले आहे. दुसरा अर्ज वेचणीचा हंगाम संपल्यावर पाठविण्याचे योजले आहे.