घरातील मोठ्याने वाचन

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेश राज्याची स्थापना झाली व भोपाळ ही त्याची राजधानी ठरली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर असल्याने शासकीय कार्यालयांबरोबर अनेक मराठी भाषक कर्मचारी सहकुटुंब भोपाळला आले. त्या घरांतील नातवंडे-पतवंडे आज बहुतांशी हिंदी अथवा इंग्रजी माध्यमातून शिकत आहेत. या मुलांना घरातील मराठी समजते. परंतु मराठी गोष्टीचे पुस्तक हाती दिले असता दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ती थबकतात. मुलांना गोडी नाही, असा निष्कर्ष पालक काढतात. तो घाईचा आहे.

हिंदी शिकलेल्या मुलास देवनागरी लिपी परकी नाही. उणीव आहे ती कानावरील संस्काराची. 'चार' व 'चाक' या शब्दांतील 'च' छापील पानावर एकच दिसतो, उच्चार मात्र भिन्न आहेत. हा भेद ऐकल्यावाचून कळत नाही. 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, असे शाळेत शिकलेल्या मुलास गोष्टीतील गुरुजींनी शिक्षा केली म्हणून नायक का रडतो, हे उमगत नाही. 'चेष्टा' शब्दाचीही तीच गत. हिंदीत तो प्रयत्न, मराठीत थट्टा! अशा वेळी शेजारी बसून वाचणारे मोठे माणूस आवाजाच्या चढउतारानेच अर्थ उलगडून देते. शब्दकोश काढावा लागत नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'तील प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे. आश्रमातील मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगावी, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. घरातील वाचनालाही हेच प्रमाण पुरे. एका बैठकीत एक प्रकरण वाचावे आणि मुलाने 'पुढे काय झाले?' असे विचारले तरी पुस्तक मिटावे. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. प्रश्नोत्तरे सुरू झाली की घराची शाळा होते व मूल पुढच्या वेळी अभ्यासाचे निमित्त सांगून उठून जाते.

मराठी पुस्तके भोपाळात सहजी मिळत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. तथापि महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. येथील 'एकलव्य' संस्थेचे 'चकमक' हे हिंदी मासिक १९८५ पासून निघत आहे; तेही घरात असू द्यावे. हिंदीत रमलेले मूल मराठीला दुरावते, ही भीती अनाठायी आहे. ज्यास एका भाषेत गोष्टीची चटक लागली, ते दुसरीतही गोष्ट शोधते. (प्रसिद्धीचे काम करणाऱ्या आम्हांला पत्रके काढण्याची सवय, परंतु पत्रकाने वाचनाची गोडी लागल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.)

मूल स्वतः वाचू लागले म्हणजे पालक सुटकेचा निःश्वास टाकून हे वाचन बंद करतात. वास्तविक दहा-बारा वर्षांच्या मुलास स्वतः वाचता येते त्याहून कठीण पुस्तक ऐकून समजते व आवडते. त्याच सुमारास घरातील आजी-आजोबांची दृष्टी मंदावू लागलेली असते. तेव्हा पुस्तक नातवाच्या हाती द्यावे. तो अडखळेल, 'ळ'च्या जागी 'ल' म्हणेल. आजी दुरुस्त करील आणि पुढचे वाक्य ऐकण्यासाठी थांबेल.