मुंबईतला गाळा : घेण्यापूर्वीचा हिशेब



आपल्या भागात मोठी रक्कम एकदम हाती येण्याच्या वाटा दोनच. रस्त्यात नाहीतर कालव्यात जमीन जाते, तिची भरपाई मिळते. किंवा गावालगतचा तुकडा प्लॉटसाठी विकला जातो. रक्कम पदरात पडली की पाहुण्यांचा पहिला सल्ला ठरलेला असतो : "मुंबईत गाळा घेऊन टाका. भाडं येत राहील अन् किंमत वाढत राहील."

मुंबई आपल्याला परकी नाही. मागच्या पिढीतली कितीतरी माणसं तिथल्या गिरण्यांत राबली, गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्याच परळ-लालबागेत आज उंच इमारती उभ्या आहेत. तिथं आपलीही जागा असावी असं वाटणं साहजिक आहे. परंतु ऊस लावण्यापूर्वी आपण माती, पाणी आणि बेणं पाहतो. तसंच इथंही पाहिलं पाहिजे. दादर, परळ, गिरगाव अशा मध्य वस्तीत भाड्यासाठी गाळा घ्यायचा, तर काय तपासावं ते या लेखात क्रमाने पाहू.

१. आपण नेमकं काय विकत घेतो?

मुंबईत 'जागा' या एका शब्दाखाली निरनिराळे हक्क विकले जातात. त्यांतले तीन मुख्य.

पहिला पगडीचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडं गोठलं, म्हणून खोली हातची सोडताना रोख रक्कम घेण्याची चाल पडली, तीच पगडी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, या देवघेवीला कायदेशीर मान्यता दिली. तरी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पगडी देणारा मालक होत नाही, भाडेकरूच राहतो. घरमालकाच्या संमतीविना त्याने खोली दुसऱ्याला भाड्याने दिली, तर तेच त्याला बाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. म्हणजे भाडं खाण्यासाठी जागा घ्यायची असेल, तर पगडीची खोली कितीही स्वस्त दिसली तरी ती आपल्या कामाची नाही.

दुसरा हक्क सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या गाळ्याचा. हा आपल्याला समजायला सोपा. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहनिर्माण संस्था १९१५ साली निघाली, तेव्हापासूनची ही चाल आहे. आपला कारखाना आणि ती संस्था, दोन्हींना १९६० चाच सहकार कायदा. तिथंही भाग दाखला, उपविधी, वार्षिक सभा आणि लेखापरीक्षण असतं. अशा गाळ्याच्या बाबतीत पुढील कागद पाहावेत : पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, विकणाऱ्याच्या नावचा भाग दाखला, संस्थेचा बाकी नसल्याचा दाखला, महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र आणि इमारतीखालच्या जमिनीची मिळकत पत्रिका. मिळकत पत्रिका म्हणजे शहराचा सात-बारा समजा. तिच्यावर संस्थेचं नाव नसेल, तर बांधणाऱ्याने जमिनीचं अभिहस्तांतरण करून दिलेलं नसण्याचा संभव आहे. मग पुढे इमारत पाडून बांधायची वेळ आली की घोडं तिथंच अडतं. अशा संस्थांसाठी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ साली झाली. संस्थेने अर्ज केला आहे का, हे चिटणीसांना विचारावं.

तिसरा हक्क बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला. रेराचा कायदा २०१६ चा. १ मे २०१७ पासून तो पुरता अमलात आला. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बांधणाऱ्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच कामाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. गाळ्याचं माप चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतीच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेवर सांगावं लागतं. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घरच्या पोराला काढायला सांगा. ताबा कधी देणार, कर्ज किती, दावे कोणते, हे तिथं पाहायला मिळतं. दलाल म्हणेल, "दादा, नंबर यायचाय, पण आत्ता घेतलं तर भाव कमी." असं म्हणाला की उठावं आणि आल्या गाडीने परत यावं.

२. खारा वारा आणि पाऊस

समुद्रकाठच्या शहरात इमारतीचं आयुष्य आपल्याकडच्या वाड्यासारखं मोजू नये. खाऱ्या दमट हवेने सिमेंटच्या आतली सळई गंजते. गंजली की फुगते आणि वरचा गिलावा फोडून बाहेर येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. म्हणून गाळा पाहायला भर पावसाळ्यात जावं. छताचे डाग, जिन्याखालच्या खांबांच्या चिरा, गच्चीवरची ताडपत्री आणि रस्त्यावर तुंबणारं पाणी तेव्हाच दिसतं. तीस वर्षांपुढच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. तिचा अहवाल मागून घ्यावा. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली असेल, तर ती कोण भरणार हे करारात लिहून घ्यावं. समुद्राच्या अगदी जवळची इमारत असेल, तर १९९१ पासूनचे किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध पुनर्बांधणीला लागतात का, हेही पाहावं.

३. हिशेब

आता आकडेमोड. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या व्यवहाराचे आकडे घालून हाच हिशेब करावा.

गाळ्याची किंमत : ८०,००,००० रुपये
मुद्रांक शुल्क ६ टक्के : ४,८०,०००
नोंदणी, वकील, दलाली, डागडुजी : २,२०,०००
एकूण घातलेला पैसा : ८७,००,०००

दरमहा २० हजार भाडं धरलं आणि वर्षातला एक महिना गाळा रिकामा गेला, तर जमा २,२०,०००. त्यातून संस्थेची वर्गणी व घरपट्टी ४८,०००, दुरुस्ती २०,००० आणि भाडेकरू आणून देणाऱ्याची दलाली १२,००० वजा करा. उरले १,४०,०००. म्हणजे शंभराला वर्षाकाठी एक रुपया एकसष्ट पैसे! याच रकमेवर बँकेच्या मुदत ठेवीत किती व्याज येतं, तो आकडा शेजारी लिहून पाहा.

आणि ४० लाख कर्ज काढून गाळा घेतला असेल, तर ९ टक्के दराने पहिल्या वर्षाचं व्याजच साडेतीन लाखांच्या आसपास. भाडं तिकडेच जाणार आणि वरची तूट उसाच्या बिलातून भरावी लागणार. मग राहता राहिली किंमत वाढण्याची आशा. ती खरी होईलही, पण आशेला उत्पन्नाच्या रकान्यात लिहू नये.

कराचाही फरक आहे. उसाच्या उत्पन्नावर आयकर नाही; गाळ्याच्या भाड्यावर आहे. घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, बाकी रक्कम करपात्र. किंमत ५० लाख वा अधिक असेल, तर विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. बांधकाम चालू असलेल्या गाळ्यावर १ एप्रिल २०१९ पासून साधारणपणे ५ टक्के जीएसटी आहे. परवडणाऱ्या घरांना १ टक्का.

४. भाडेकरू

भाड्याचा करार तोंडी करू नये. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा गैरसमज आपल्याकडे फार आहे. महाराष्ट्रात भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, अन् ती जबाबदारी मालकाची. लेखी करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. रीतसर परवाना करार असेल आणि मुदत संपूनही माणूस हलेना, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. गाळा भाड्याने दिला म्हणून संस्था जादा आकारणी करते. ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये.

५. शेवटचा गुंठा

एवढं सगळं जुळलं, तरी एक मर्यादा पाळावी. मुंबईसाठी शेवटचा गुंठा विकू नये. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सगळी जमीन गेल्यावर पुन्हा घेताना तो पुरावा कुठला आणणार? आणि कार्यक्षेत्रात ऊसच उरला नाही, तर उत्पादक सभासद म्हणून कारखान्यात उभं राहायचं कशाच्या बळावर? गाळ्याचा भाडेकरू महिन्याभरात दुसरा मिळतो. विहिरीवरचं रान एकदा गेलं की मिळत नाही.

तेव्हा भरपाईची रक्कम आली की पहिले सहा महिने ती बँकेत स्वस्थ राहू द्या. डोक्यावरचं कर्ज फेडा, विहीर आणि ठिबकची गरज पाहा. त्यानंतरही रक्कम उरली आणि वरच्या हिशेबाने गाळा परवडला, तर जरूर घ्या. विसार देण्याआधी मात्र आपला स्वतःचा वकील लावून तीस वर्षांचा शोध घ्या. दलालाने आणलेला वकील आपला नसतो. आणि घरात कारभारणीला व मुलांना समोर बसवून हा हिशेब एकदा मोठ्याने वाचा. त्यांना तो पटला, तरच कागदावर सही करा.